टर्बो बसवल्यापासून हायवेला कूलंट १०८ डिग्री, गावात मात्र ठीक

वळणवाट:
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांब होईल पण सगळं एकदमच सांगतो. गाडी दोन सीटची, रिअर व्हील ड्राइव्ह, १.८ लिटर चार सिलिंडर, मूळची बिनटर्बोची. मेक मुद्दाम टाकत नाही, कारण मग चर्चा ब्रँडवर घसरते आणि प्रश्न बाजूला राहतो. दीड वर्षापूर्वी छोटा टर्बो बसवला, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब) ०.६ बार, बंपरमागे ती हवा थंड करणारा इंटरकूलर, शेजारी ऑइल कूलर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वेगळा. इंजिन आतून कंपनीचंच आहे, उघडलेलं नाही.

तर त्रास कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा. गावात, सिग्नलला, कितीही वेळ उभी राहू दे, ९२ ते ९६ च्या मधे फॅन चालू-बंद होत राहतो, काही टेन्शन नाही. पण हायवेला ११० वर स्थिर धरली की दहा-बारा मिनिटांत १०४, मग १०६, आणि चढ लागला की १०८. वेग ७० वर आणला की सावकाश खाली येतं. बाहेर ३४ डिग्री होतं. डॅशबोर्डचा मूळ काटा मात्र मधेच, हलतसुद्धा नाही, हे आकडे ईसीयूचे आहेत.

आतापर्यंत दुप्पट जाड अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर टाकला, ८८ ऐवजी ७८ ला उघडणारा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) टाकला, रेडिएटरला १.३ बारचं झाकण लावलं, कूलंट बदललं. फरक एवढाच की आधी जिथे दहा मिनिटांत पोचायचं तिथे आता पंधरा मिनिटांत पोचतं. पोचतं तिथेच. आता पुढचा पार्ट घ्यायच्या आधी तुम्हाला विचारतोय. वॉटर पंप बदलू का?

जुनापाना:
थांबा. पंपाला अजिबात हात लावू नका, आधी जे लिहिलंय तेच परत वाचू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

थर्मोस्टॅट ७८ चा असो की ८८ चा, तो फक्त इंजिन कमीत कमी किती गरम राहील ते ठरवतो. पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं, त्यानंतर पारा किती चढेल ते रेडिएटर, हवा आणि पाणी ठरवणार. म्हणून तुम्हाला पाच मिनिटं जास्त मिळाली आणि बाकी काही नाही. झाकणाचंही तसंच, दाब वाढवला की कूलंट उशिरा उकळतं (५०-५० मिश्रण उघड्यावर साधारण १०७ ला उकळतं, एक बारच्या झाकणाखाली १२५ च्या पुढे जातं), पण दाबाने इंजिनातली उष्णता एक कणही कमी होत नाही. उकळणं टळतं, ते चांगलंच आहे, पण थंड होणं वेगळं.

आता महत्त्वाचं. गाडी कधी गरम होते हा प्रश्न कुठल्याही पार्टच्या आधी येतो. उभी असताना तापते आणि पळताना निवते तर फॅन, रिले, श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) बघायचं, फॅनची वायर उलटी लागून तो हवा उलट दिशेला ढकलत असलेलाही मी पाहिलाय. तुमचं नेमकं उलट आहे. उभ्या गाडीला इंजिन थोडीच उष्णता तयार करतं आणि फॅन ती ओढून नेतो, म्हणजे फॅन बरा आहे. हायवेला वाऱ्याने फॅनपेक्षा कितीतरी जास्त काम करायला हवं आणि तो करत नाहीये. म्हणजे एकतर हवा रेडिएटरमधून जात नाही, किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा इंजिनच नको तेवढी उष्णता पाण्यात टाकतंय. तिन्हींना वेगळी टेस्ट आहे.

रेडलाइन:
काकांशी सहमत पण त्याच्याही आधी एक, तो १०८ आकडा खरा आहे का? सेन्सर नवा लावला असेल आणि ईसीयूत दुसऱ्याच सेन्सरचा टेबल असेल तर गार असताना बरोबर दाखवेल आणि वर गेल्यावर भलतंच. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवा, समुद्रसपाटीजवळ १०० दाखवायला हवा, उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक डिग्री कमी धरा. मल्टिमीटर असेल तर रेझिस्टन्स बघा, नेहमीचे जे २० डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास असतात ते ८० ला तीनशेच्या आसपास येतात.

दुसरं, अर्थिंग. हेडलाइट, फॅन, ब्लोअर एकदम चालू केल्यावर आकडा त्याच क्षणी उडी मारतो का बघा. पाण्याचं तापमान एका सेकंदात तीन डिग्री वाढत नसतं, उडी मारली तर ती वायरिंगची आहे.

आणि मूळ काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. काटा हलायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

गियरबदल:
माझा एक मित्र सांगत होता की मोठा पंप किंवा थर्मोस्टॅट काढून टाकला की पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून उलट गरम होतं. तसं तर नसेल ना यांचं? जाड रेडिएटरमुळे?

जुनापाना:
नाही हो, हे खूप ठिकाणी ऐकायला मिळतं आणि ऐकायला पटतंही, पण खरं नाही. पाणी जोरात गेलं की एका फेरीत कमी डिग्री थंड होतं हे बरोबर, पण तेवढ्याच वेळात फेऱ्या जास्त होतात, आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत सरासरीने जास्त गरम राहतो, म्हणजे हवेला जास्त उष्णता देतो. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच जाते, कमी कधीच नाही.

मग थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या खरंच तापतात ते का, तर त्याची कारणं वेगळी. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला एक चकती असते, वरचा दरवाजा उघडला की ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला, किंवा चकती नसलेला भलताच बसवला, की बायपास कायमचा उघडा, आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटने परत इंजिनात फिरतं. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकच्या आत दाब थोडा जास्त राहतो, तो गेला की हेडमधे (इंजिनच्या वरच्या भागात) एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ पाणी जागच्या जागी उकळायला लागतं, वाफेचा थर धरतो, आणि वाफ उष्णता जवळजवळ नेतच नाही. सेन्सर जिथे आहे तिथे कदाचित काही दिसतही नाही.

वळणवाट, तुमच्या ७८ वाल्या थर्मोस्टॅटला ती खालची चकती आहे का? जुना असेल तर शेजारी ठेवून बघा.

लॉगवाली:
मी ट्यूनिंगचं काम करते, त्यामुळे मला लॉग लागतो, त्याशिवाय बोलणं म्हणजे अंधारात चाचपणं. एका फेरीचा द्या, वेग, आरपीएम, कूलंट, इनटेक हवेचं तापमान, बूस्ट, इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते), लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण).

त्यासोबत दोन थर्मोकपल (तापमान मोजायच्या वायरी) घ्या, एक रेडिएटरच्या वरच्या तोंडावर, एक खालच्या, फोमखाली घट्ट बांधा म्हणजे वारा लागणार नाही. इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खूपच कमी दाखवते, काळी टेप चिकटवून टेपवर मोजा. शक्य असेल तर तिसरं रेडिएटरच्या पुढे हवेत आणि चौथं मागे हवेत, फॅन श्राउडच्या आत. मला या चारच आकड्यांत जास्त रस आहे. पाणी आत आणि बाहेर यांत खूप फरक असेल, म्हणजे वीस डिग्री वगैरे, तर पाणी हळू फिरतंय: पंप, आक्रसलेला खालचा होज, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. फरक कमी असेल तर पाणी बरं फिरतंय आणि रेडिएटरला उष्णता टाकायला जागा मिळत नाहीये.

रेडलाइन:
खालच्या होजचं ताई म्हणाल्या म्हणून, त्यात आत स्प्रिंग आहे का तेही बघ. सिलिकॉनचे होज लावताना बरेच जण ती स्प्रिंग टाकायची विसरतात, पंप ओढतो त्या बाजूला आहे तो, जास्त आरपीएमला चपटा होऊ शकतो. गाडी उभी करून पाच हजारला नेऊन कुणाला तरी बघायला सांग.

वळणवाट:
दोन शनिवार-रविवार गेले, सगळं केलं.

सेन्सर उकळत्या पाण्यात बरोबर निघाला. पण रेडलाइन म्हणाला ते अर्थिंगचं खरं निघालं, सेन्सर एका वायरचा आहे, अर्थ इंजिनातून घेतो आणि ईसीयूची अर्थ मी बॉडीला दिली होती. फॅन आणि हेडलाइट लावले की आकडा चक्क तीनने वर. दोन वायरचा सेन्सर टाकला आणि ईसीयूच्याच सेन्सर ग्राउंडला नेला, आता उडी नाही. म्हणजे माझा १०८ खरा १०५ होता. बरं वाटलं पण १०५ पण काही चांगलं नाही.

थर्मोस्टॅटला चकती आहे, जुन्याइतकीच लांब. होजमधे स्प्रिंग आहे. पाच हजारला चपटा होत नाही.

आता आकडे, ११० किमी, सपाट रस्ता, पाचवा गियर, बाहेर ३४. रेडिएटरमधे जाताना पाणी १०५, बाहेर पडताना ९९. रेडिएटरच्या पुढची हवा (इंटरकूलरच्या मागे) ३८, रेडिएटरच्या मागची हवा ८८. बूस्ट नाहीच जवळजवळ, लॅम्बडा १.०, टायमिंग मॅपप्रमाणे (ईसीयूत भरलेल्या तक्त्याप्रमाणे).

लॉगवाली:
हे छान दिलंत. आता हिशोब करू, ढोबळ आहे पण पुरेसा आहे.

११० ला साध्या गाडीला चाकांवर साधारण वीस किलोवॅट लागतात आणि तेवढीच, थोडी इकडेतिकडे, उष्णता कूलंटमधे येते. तुमचा पंप त्या आरपीएमला मिनिटाला ६० लिटर म्हणजे सेकंदाला एक लिटर फिरवतोय असं धरलं, तर एक किलो × साधारण ३.५ × सहा डिग्री = २१ किलोवॅट. जुळतंय. म्हणजे पाण्याची बाजू निरोगी आहे, पंप, थर्मोस्टॅट, होज यातून बाहेर काढा.

आता हवा. ३८ ने आत गेली, ८८ ने बाहेर आली, पन्नास डिग्री तापली. हवेची उष्णता धरायची ताकद किलोला एक किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे २१ किलोवॅट न्यायला सेकंदाला ०.४२ किलो हवा. रेडिएटरचा चेहरा ०.२ चौरस मीटर धरला तर त्यातून हवा सेकंदाला दोन मीटरच्या जेमतेम आसपास चालली आहे. आणि गाडी सेकंदाला तीस मीटरने पळतेय! तेवढी हवा तर फॅन एकटा उभ्या गाडीला ओढतो. हवा रेडिएटरमधे रेंगाळून रेडिएटरइतकीच गरम होऊन बाहेर येतेय. रेडिएटर वाईट असता तर हवा कोमट बाहेर आली असती. रेडिएटर उत्तम आहे, त्याला हवाच मिळत नाहीये, आणि तुम्ही जाड टाकलात त्याने हवेला अडथळा आणखी वाढला.

गियरबदल:
समोर एवढं मोठं तोंड आहे बंपरला, हवा नाही कशी मिळणार? इंटरकूलर आडवा येतो म्हणून?

जुनापाना:
इंटरकूलर थोडा येतो, पण त्याहून जास्त, हवा आळशी असते, सोप्या वाटेने जाते. तोंडातून आत आली, पुढे इंटरकूलर, ऑइल कूलर, रेडिएटर अशा तीन भिंती, आणि बाजूने पाईप न्यायला कापलेली मोठाली भोकं, वरून फट, खालून फट. ती कशाला बारीक फिनमधून घुसेल, बाजूने निघून जाते. कंपनीच्या गाडीत रेडिएटरच्या चारी बाजूंना रबरी पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे पडदे असतात ना, इंटरकूलर बसवताना सगळ्यात आधी तेच काढून टाकतात, कोणालाच ते महत्त्वाचे वाटत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट बाहेर पडायची वाट. हवा पुढून ढकलली म्हणजे झालं नाही, रेडिएटरच्या मागे दाब कमी हवा. तुमचा अंडरट्रे (इंजिनखालचं आवरण) आहे का जागेवर? खरं सांगा.

वळणवाट:
नाहीये काका. इंटरकूलरचे पाईप त्याच्याच जागेतून जातात म्हणून बसवणाऱ्याने काढला, म्हणाला काही गरज नाही, उलट इंजिनला हवा लागेल. तेव्हापासून तसाच आहे.

जुनापाना:
मग बघा, गाडीखालून जी हवा जोरात जाते ती थेट इंजिनच्या खोलीत घुसते आणि तिथे दाब वाढवते. पुढे दाब, मागेही दाब, मधे रेडिएटर, मग हवा हलणार कशाला. अंडरट्रे हा पंख्याइतकाच कूलिंगचा पार्ट आहे, धूळ-पाण्यासाठी लावलेलं झाकण नाही ते. हे मी कित्येक वर्षं सांगतोय आणि तरी दर वेळी तोच पहिला निघालेला असतो, जीव तुटतो अगदी.

लॉगवाली:
अंदाजावर पत्रा कापू नका, दाब मोजता येतो आणि त्याला पारदर्शक नळीशिवाय काही लागत नाही. नळी यू आकारात एका पट्टीवर बांधा, मिलिमीटरच्या खुणा करा, आत रंगीत पाणी. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. टोकं वाऱ्याच्या तोंडाला नकोत, बाजूला वळवून ठेवा आणि तोंडाला स्पंजचा छोटा तुकडा, नाहीतर झोत थेट नळीत शिरून खोटा आकडा येतो. पट्टी शेजारच्या सीटवर बसलेल्याने धरायची आणि त्यानेच वाचायची, चालवणाऱ्याने त्याकडे बघायचंसुद्धा नाही.

१०० किमीला वाऱ्याचा पूर्ण दाब साधारण ४७ मिलिमीटर पाण्याइतका असतो. तेवढंच तुमचं भांडवल. त्यातले किती रेडिएटरवर खर्च होतात ते बघायचं. पुढचा आणि मागचा वेगवेगळाही मोजा, दुसरं टोक गाडीच्या आत काचा बंद करून ठेवून. केबिनचा दाब अगदी तंतोतंत बाहेरचा नसतो, पण आधी-नंतर तुलना करायला चालतो.

वळणवाट:
मोजलं. माझी बहीण बसली होती पट्टी घेऊन, तीनदा फेरी मारली, तिन्ही वेळा एक-दोन मिलिमीटरच्या आत. १०० किमीला रेडिएटरच्या पुढे ३०, मागे १९. फरक फक्त ११. मागे एवढा दाब असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं, म्हणजे बॉनेटखाली मी वारा कोंडून फिरत होतो.

रेडलाइन:
बॉनेटला जाळ्या काप ना मग, गरम हवा वरून निघेल. किंवा मागची बिजागरं स्पेसर लावून उचल, फुकटात होतं.

लॉगवाली:
बिजागरं उचलू नका कृपया. काचेच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, म्हणून तर केबिनची ताजी हवा तिथून घेतात. उभ्या गाडीला तिथून गरम हवा निघताना दिसते म्हणून लोकांना पटतं, पण पळताना हवा उलट आत येऊ शकते. जाळी कापायचीच असेल तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, आणि तीसुद्धा आधी तीच नळी बॉनेटवर वेगवेगळ्या जागी टेपने चिकटवून कुठे दाब कमी आहे ते बघून. पण आत्ता नको. आधी फटी आणि अंडरट्रे. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

वळणवाट:
झालं! दीड मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा डक्ट केला, बंपरच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून रेडिएटरपर्यंत, चारी बाजूंनी बंद, कडांना फोमची पट्टी. आधी जाड पुठ्ठ्याचा करून बघितला, त्यावरून पत्रा कापला. पाईपांभोवतीची भोकं रबराने बंद केली. ऑइल कूलर रेडिएटरच्या समोरून काढून बाजूच्या चाकाच्या कमानीपुढे नेला, त्याला स्वतंत्र वाट दिली. अंडरट्रे पत्र्याचा नवीन बनवला, पाईपला जागा सोडून. एकूण चार दिवसांचं काम, त्यातले दोन नुसते बंपर काढण्या-लावण्यात.

आता १०० ला पुढे ३८, मागे ६. फरक ३२. आणि ११० वर, तोच रस्ता, बाहेर ३३, अर्धा तास: ९१. चढावर ९४. वेग कमी न करता.

मला खरंच विश्वास बसेना, मी परत उलटा फिरून तोच चढ पुन्हा चढलो.

गियरबदल:
अभिनंदन दादा!! मी पण माझ्या गाडीखाली जाऊन बघितलं, अंडरट्रेचे चार स्क्रू गायब, उद्याच लावतो.

वळणवाट:
परत आलोय. हायवे एकदम ठीक आहे, पण गेल्या आठवड्यात ट्रॅकवर नेली आणि सहाव्या लॅपला ११२. लगेच सोडून दोन लॅप हळू चालवली, हीटर फुल केला, खाली आली. पण थांबल्यावर बघतो तर ओव्हरफ्लो बाटली काठोकाठ आणि थोडं कूलंट बाहेर पडलेलं. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेली का ही भीती बसलीय, रात्री झोप नाही. निळ्या द्रवाची ती टेस्ट करून घेतली, रंग निळाच राहिला.

जुनापाना:
ती टेस्ट पिवळी झाली तर ज्वलनाचा वायू कूलंटमधे जातोय, पण निळी राहिली म्हणून गॅस्केट शाबूत आहे असं नाही, टर्बो गाडीत तर नाहीच. आयडलला सिलिंडरमधे दाब कितीसा असतो, गॅस्केट फक्त बूस्टमधे हेड किंचित उचलल्यावर सोडत असेल तर उभ्या गाडीला काहीच दिसणार नाही. कूलंटच्या वाटेत दाबाचा सेन्सर बसवा आणि लॉग करा. दाब तापमानाच्या मागे मागे सावकाश चढत असेल तर ठीक. बूस्ट आला की दाब उडी मारत असेल, आणि पाय काढल्यावरही वरच राहत असेल, तर तो ज्वलनाचा वायू. आणि एक साधी खूण, रात्रभर गार झालेल्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून बघा, कडक लागला तर वायू आत अडकलाय.

अजून एक विचारतो, गार असताना कूलंट किती भरलं होतं?

वळणवाट:
हेडर टँक (कूलंट भरायची टाकी) काठापर्यंत, म्हटलं कमी नको पडायला.

जुनापाना:
मग बाटलीचं कोडं बहुतेक तिथेच सुटतंय. सहा लिटर कूलंट गार ते ११० पर्यंत गेलं की पाव लिटरच्या वर फुगतं. त्याला जागा हवी, हवेची गादी हवी. काठापर्यंत भरलं की फुगलेलं झाकणाला ढकलून बाहेर जाणारच. पण सेन्सर तरी लावाच, मनातली शंका तशीच ठेवून ट्रॅकवर जाऊ नये.

लॉगवाली:
ट्रॅकचा लॉग टाका. आणि कूलंटचं प्रमाण किती आहे?

वळणवाट:
लॉग टाकलाय. प्रमाण ७० टक्के कॉन्सन्ट्रेट (ग्लायकॉल), ३० पाणी. जास्त म्हणजे जास्त थंड असं समजून टाकलं होतं.

लॉगवाली:
उलट असतं. उष्णता नेण्यात पाण्यासारखं काही नाही. पाण्याची ताकद १०० मानली तर ५०-५० मिश्रणाची ८५ च्या आसपास, तुमचं त्याहून खाली, शिवाय घट्ट, त्यामुळे बारीक नळ्यांत नीट घुसळत नाही. ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवायला आणि उकळबिंदू वर न्यायला असतं. जिथे पाणी गोठायची भीती नाही तिथे ३० टक्के पुरतं, फक्त गंज रोखणारं द्रव्य पुरेसं आहे ना ते बाटलीवर बघा, आणि पाणी डिस्टिल्डच. नुसतं नळाचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला खातं. बऱ्याच ट्रॅकवर तर ग्लायकॉल चालतच नाही, सांडलं की रस्ता निसरडा होतो, तिथले नियम विचारून घ्या.

आता लॉग. चौथ्या लॅपपासून इनटेक हवा ६२ डिग्री आहे आणि तुमच्या मॅपमधला टेबल टायमिंग सहा डिग्री मागे ओढतोय. नॉक (मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळणं) दिसत नाहीये, नुसता सुरक्षिततेसाठी ओढतोय. टायमिंग एवढं मागे गेलं की जळणं उशिरा संपतं, एक्झॉस्ट तापतो, आणि हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टभोवतीचं पाणी ती उष्णता घेतं. तीच ताकद काढायला तुम्ही बूस्टमधे जास्त वेळ राहता. हे चक्र आहे. मॅप बसून नीट करून घ्या, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), नॉक ऐकत, अंदाजाने टायमिंग परत देऊ नका. इंजिन यात जाऊ शकतं.

रेडलाइन:
एवढं सगळं वाचून विचारतो, एमएक्स-५ वाले टर्बो लावल्यावर पाण्याची वाटच बदलतात ना, तसं यांना करता येईल का?

जुनापाना:
त्यांचं कारण वेगळं आहे. मझदाची ती पहिली एमएक्स-५, १९८९ ची, तिचं इंजिन ज्या घराण्यातलं आहे ते पुढच्या चाकांच्या गाडीत आडवं बसायचं. लांबीत बसवताना पंपही पुढे आणि थर्मोस्टॅटचं तोंडही पुढेच आलं, त्यामुळे पुढच्या सिलिंडरना पाणी भरपूर आणि मागच्या चौथ्याला कमी. रोजच्या वापरात काही बिघडत नाही, पण ताकद वाढवली की चौथा आधी तापतो, म्हणून लोक थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेतात. फार शहाणपणाचं काम आहे ते. पण वळणवाट यांच्या इंजिनात पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं ते आधी बघायला हवं, पंप पुढे आणि निकास मागे असेल तर काहीच करायची गरज नाही.

वळणवाट:
बघितलं काका, निकास मागेच आहे.

बाकी सगळं केलं. कूलंट काढून ३० टक्के भरलं, गाडीचं नाक उंच करून, हीटर उघडा ठेवून हवा काढली, टँकमधे जागा ठेवली. दाबाचा सेन्सर लावला. मॅप परत केला, इनटेक आता ५१ च्या वर जात नाही आणि टायमिंग दोन डिग्रीच मागे येतं.

काल ट्रॅकवर दहा लॅप पूर्ण, बाहेर ३१. जास्तीत जास्त १०१, शेवटचे चार लॅप १०० ते १०१ मधे स्थिर, वर सरकलं नाही. दाब ०.९ बारपर्यंत तापमानाच्या मागे मागे, बूस्टमधे एकही उडी नाही. बाटलीची पातळी हलली नाही. आज सकाळी होज मऊ. काल रात्री खूप दिवसांनी शांत झोपलो.

एकच राहिलंय, शेवटच्या लॅपनंतर उभी करून बंद केली तर इग्निशन चालू ठेवल्यावर दोन मिनिटांत ९४ वरून १०४ झालं. हे काय?

लॉगवाली:
पंप थांबला, पण हेड आणि टर्बो अजून तापलेलेच आहेत, ती उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते. प्रत्येक गाडीत होतं. शेवटचा लॅप पूर्ण हळू चालवा, मग दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून बंद करा, आणि ईसीयूत बंद केल्यावरही फॅन थोडा वेळ चालू ठेवायची सोय असेल तर तीन मिनिटं द्या. टर्बोचे पाण्याचे पाईप टर्बोपासून टँकपर्यंत सतत चढत जातात का तेही बघा, मधे उंचवटा असेल तर तिथे वाफ अडकते.

वळणवाट:
एका ठिकाणी उंचवटा आहे. ब्रॅकेटच्या वरून गेलाय पाईप. रविवारी ब्रॅकेटखालून नेतो आणि आकडा टाकतो.